आश्रमवासी चित्रकार आंजेलो दा फोन्सेका

मध्ययुगीन युरोपात मठाची भिंत ही मठवासीयांची ध्यानाची पोथीच असे. शुभ्र लिली म्हणजे पवित्र मरीयेचे निष्कलंकत्व, कुंपण घातलेली बाग म्हणजे तिचे कौमार्य, क्रूसाखालील कवटी म्हणजे आदिपुरुष आदाम, अशी ती खुणांची भाषा होती. फ्लोरेन्स नगरीतील सान मार्को मठात 1440 च्या सुमारास डोमिनिकन संन्यासी फ्रा आंजेलिको यांनी प्रत्येक कोठडीच्या भिंतीवर अशी चित्रे काढिली. आपल्या महाराष्ट्रात तर त्यापूर्वी सुमारे हजार वर्षे अजिंठ्याच्या विहारांत बौद्ध भिक्षूंच्या सहवासात भिंती रंगल्या होत्या. तेथील बोधिसत्त्वाच्या हातचे कमळ हीही एक खूणच होय. या दोन्ही परंपरांचा वारसा ज्यांच्या कुंचल्यात एकवटला, त्या थोर कॅथोलिक चित्रकाराचे चरित्र या मंगल प्रसंगी स्मरणे उचित आहे.

आंजेलो दा फोन्सेका यांचा जन्म 1902 साली गोव्यातील सांत इस्तेव्ह या गावी झाला. मुंबईत आरंभिलेले वैद्यकीचे शिक्षण सोडून ते कलेकडे वळले आणि बंगालमध्ये जाऊन अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांचे शिष्य झाले. नंदलालबाबूंनी तरुणपणी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या. त्यामुळे त्या प्राचीन रेषेचे संस्कार गुरूकडून शिष्यास लाभले.

गोव्यास परतल्यावर मात्र त्यांच्या वाट्यास उपेक्षा आली. देवमाता साडी नेसलेली, डोईवर पदर घेतलेली का दाखवावी, असा अनेकांचा आक्षेप होता. पाश्चात्य वेष हाच धर्माचा वेष, अशी समजूत तेव्हा खोल रुजली होती. फोन्सेका यांनी वाद घातला नाही, आणि आपला मार्गही सोडिला नाही. त्यांनी पुण्याची वाट धरिली. तेथे अँग्लिकन धर्मगुरू विन्स्लो यांनी स्थापिलेल्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात त्यांना आसरा मिळाला. अनेक वर्षे तेथे राहून त्यांनी शेकडो चित्रे रंगविली. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील येशूसंघीय इतिहासकार फादर हेरास यांनी त्यांस मोलाचे उत्तेजन दिले. 1951 साली ते विवाहबद्ध झाले. तथापि त्यांची साधी राहणी व कलासाधना शेवटपर्यंत अखंड राहिली.

त्यांच्या चित्रांत साडी हा केवळ पोशाख नव्हे. शब्द देह झाला तो मानवाच्या घरात, म्हणजे आपल्याही घरात, ही श्रद्धा त्या पदरातून प्रकट होते. खूण बदलली, सत्य तेच राहिले.

1963 साली दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने सर्व राष्ट्रांच्या कलेस उपासनेत मुक्त वाव असावा, असे घोषित केले. ज्या विचारासाठी फोन्सेका यांनी स्वदेशी उपेक्षा सोसली, त्यास ख्रिस्तसभेची मान्यता त्यांच्या हयातीतच मिळाली. पुढे चार वर्षांनी, 28 डिसेंबर 1967 रोजी, ते प्रभुचरणी विलीन झाले. ज्या गोव्याने त्यांना दुरावले, त्याच गोव्यात पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आज त्यांची कितीतरी चित्रे सांभाळली जात आहेत.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, यवतमाळ जिल्ह्यातील कपाशीच्या शेतातून सांजवेळी डोईवर पदर घेऊन परतणारी माउली आपण नित्य पाहतो. तिच्या रूपात देवमातेची ओळख पटावी, एवढे जरी या चरित्रातून साधले, तरी आपला हा महोत्सव सार्थकी लागेल.