कॅप्टन जेम्स फोर्सिथ : थंडीचे सामान आणि आपल्या रानाची पहिली नोंद

डिसेंबर-जानेवारीत आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे बैहरमार्गे मुक्कीला जातात. पहाटेच्या फेरीसाठी आदल्या रात्रीच तयारी होते. एकावर एक दोन स्वेटर, कानटोपी, हातमोजे, पांघरायला घोंगडी, चहाचा थर्मास, मुलांसाठी तिळाचे लाडू. उघड्या जीपमध्ये बसल्यावर हे सगळे घेतले ते बरे झाले, असे वाटतेच. कान्हाच्या माळांवर या दिवसांत पारा शून्याच्या आसपास उतरतो आणि गवतावर पांढरे हिव दिसते.

याच थंडीत, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी, या सालवनांतून एक तरुण अधिकारी हिंडला होता. त्याच्याही सामानात थंडीचे कपडे होते, पण सोबत बंदूक, दारू आणि शिसेही होते. बारशिंगे पाहणे आणि मारणे ही दोन्ही कामे त्याने केली. त्याचे नाव कॅप्टन जेम्स फोर्सिथ. पचमढीला गेलेल्यांनी हे नाव ऐकलेले असते, पण आपल्या भागाशी असलेला त्याचा संबंध फारसा कोणी सांगत नाही. म्हणून ही ओळख.

फोर्सिथचा जन्म १८३८ चा. एम.ए. होऊन तो हिंदुस्थानात आला. नागपूरचे भोसल्यांचे राज्य तोवर खालसा झाले होते आणि तो मुलूख सागर-नर्मदा प्रदेशाला जोडून १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. नवा प्रांत आणि नवे वनखाते. त्या खात्यात कॅप्टन पिअर्सन यांच्या हाताखाली फोर्सिथ काम करू लागला. १८६२ ते १८६४ या काळात त्याने प्रांत पायाखाली घातला. सातपुडा, नर्मदेचे खोरे, अमरकंटक, छत्तीसगडचे मैदान आणि त्यापलीकडची सालवने त्याने पाहिली. पुढे तो निमाडचा जमाबंदी अधिकारी आणि डेप्युटी कमिशनर झाला.

त्या वेळी बालाघाट जिल्हाच नव्हता, हे इथे लक्षात ठेवायला हवे. १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग काढून तो करण्यात आला, आणि आपल्या गावाचे नाव तेव्हा बुढा होते. बैहरचे पठार, बंजर आणि हालोनची खोरी हा सारा मुलूख बहुतेक अधिकाऱ्यांना नकाशावरचे नाव म्हणूनच माहीत होता.

पचमढीचा शोध फोर्सिथने लावला असे सर्रास म्हटले जाते, ते तितकेसे बरोबर नाही. त्या पठारावर कोरकू राहतच होते, आणि महादेवाच्या यात्रेला विदर्भातून आपली माणसे पिढ्यान्पिढ्या जात होती. फोर्सिथने तिथे १८६२ मध्ये बंगला बांधला आणि सरकारला ती जागा दाखवून दिली. तो बंगला बायसन लॉज या नावाने आजही उभा आहे.

अशा दौऱ्यांचा काळ ठरलेला असे. पावसाळ्यात आणि त्यानंतरही काही आठवडे रानात हिवताप पसरलेला असायचा. त्यामुळे अधिकारी नोव्हेंबरच्या सुमारास निघत आणि उन्हाळा लागेपर्यंत फिरत. मुक्काम रोज हलायचा. रीत अशी होती की तंबू दोन ठेवायचे. एकात साहेब झोपला असताना दुसरा रात्रीच पुढच्या मुक्कामी रवाना व्हायचा. बैल, उंट आणि जिथे मिळेल तिथे हत्ती यांवर ओझी लादली जात. त्यांत राहुट्या, वळकट्या, दुलया, भांडीकुंडी, दिवे, कागदपत्रे, क्विनाइनची बाटली असे सगळे असायचे. सकाळी धुक्यात चालताना लोकरी कपडे लागत आणि दुपारी ऊन तापले की तेच अंगावर नकोसे होत. म्हणून कपडे थरांनी घालायचे. रंग मातकट किंवा वाळल्या पानांसारखा निवडायचा. कमरेइतक्या गवतातले दहिवर तासाभरात माणसाला भिजवून टाकते, तेव्हा कोरड्या कपड्यांचा दुसरा जोड हवाच.

बंदुकीचे सामान तर याहून नाजूक. तो काळ ठासणीच्या बंदुकांचा होता. दारूची शिंगडी, टोप्यांची डबी, शिसे, गोळ्या ओतायचा साचा, गोळीभोवती गुंडाळायच्या तेलकट चिंध्या, गज, हे सगळे वेगवेगळे बांधून न्यावे लागे. दारूला ओल लागली की बंदूक नुसती काठी. फोर्सिथचा या विषयाचा अभ्यास इतका होता की वयाच्या पंचविशीतच, १८६३ मध्ये, त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. गोल आणि जड गोळी वापरावी, नळीतल्या आट्यांचा पीळ अगदी थोडा ठेवावा आणि दारू भरपूर भरावी, असे त्याचे मत होते. रानात जनावर बहुधा जवळच्या अंतरावर दिसते, तिथे अशी गोळी सरळ जाते आणि जबर बसते. बंदुकांचे जाणकार या पद्धतीला आजही त्याच्याच नावाने ओळखतात.

एवढा सरंजाम असूनही पुढे चालणारा वाटाड्या मात्र गोंड किंवा बैगा असे. त्याच्या अंगावर आखूड वस्त्र, खांद्यावर कुऱ्हाड आणि रात्री उबेला शेकोटी. ज्याच्याकडे सामान सर्वांत कमी, त्याच्याच भरवशावर सगळी शिकार चाले. पाणी कुठे आहे, कळप कोणत्या माळावर उतरतो, वाऱ्याची दिशा कोणती, हे त्याला ठाऊक असे. बैगांच्या रानातल्या जाणकारीची फोर्सिथला कदर होती. पण डोंगरउतारावरची झाडे तोडून, जाळून त्या राखेत पेरणी करायची त्यांची रीत त्याला जंगलाचा नाश वाटे. त्याच दशकात आगगाडीच्या रुळांखालच्या लाकडासाठी ठेकेदार रानेच्या राने तोडत होते. हे लक्षात घेतले, तर सगळा दोष बैगांच्या कुऱ्हाडीवर टाकता येत नाही.

थंडीतच शिकार करायला आणखी एक कारण होते. आपल्याकडचा बारशिंगा डिसेंबर-जानेवारीत माजावर येतो. नरांची शिंगे तेव्हा पूर्ण वाढून टणक झालेली असतात. नर उघड्या माळावर येतात आणि त्यांची हाक धुक्यातून लांबवर ऐकू येते. म्हणजे पाहायला जो काळ सर्वांत चांगला, तोच मारायलाही सर्वांत सोपा.

फोर्सिथने बारशिंगे मारले, यात लपवण्यासारखे काही नाही. पण नुसती शिंगे मोजून तो थांबला नाही. हा प्राणी सालवनाच्या सोबतीने राहतो, साल संपून साग सुरू झाला की तोही दिसेनासा होतो, हे त्याने हेरले. रानरेडा आणि लाल रानकोंबडा यांच्याबाबतही त्याने तेच पाहिले. मग त्याने एक विलक्षण उदाहरण नोंदवले. मुख्य सालवनापासून खूप दूर, पचमढीखाली देनवा नदीच्या खोऱ्यात, सालाचा एक एकटा तुकडा आहे. त्या तुकड्यातही त्याला बारशिंगा आणि लाल रानकोंबडा आढळले. झाड आणि जनावर यांचा असा एकत्र विचार करणारे लोक त्या काळी थोडे होते.

हा सगळा अनुभव त्याने ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या ग्रंथात लिहून काढला. ग्रंथ छापखान्यात असतानाच, १८७१ च्या मे महिन्यात, लंडनमध्ये त्याचे निधन झाले. वय अवघे ३३. छापलेले पुस्तक त्याने पाहिलेच नाही.

त्याच्या मागून बंदुका आल्या त्या अधिक सोप्या आणि अधिक नेमक्या होत्या. शिकार वाढली, माळ शेतीखाली गेले, रोगराई आली. देनवा खोऱ्यातले बारशिंगे संपले. इतर ठिकाणचेही संपत गेले आणि कठीण जमिनीवर राहणारी ही जात फक्त कान्हात उरली. १९७० च्या मोजणीत तिथे ६६ बारशिंगे होते. १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान असूनही ही वेळ आली होती. नंतर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, गावे हलवून माळ मोकळे केले गेले, कुंपणाच्या आत पाडसे वाढवली गेली. हळूहळू कळप वाढले आणि आज त्यांची संख्या शेकड्यांत मोजावी लागते. बारशिंगा आता मध्य प्रदेशचा राज्यप्राणी आहे. गावे हलली त्यांत बैगा आणि गोंडांची घरे होती, ही किंमतही आपण विसरू नये.

गेल्या काही वर्षांत कान्हातले बारशिंगे वाहनांतून सातपुडा व्याघ्र प्रकल्पातील बोरीच्या रानात नेऊन सोडण्यात आले. बोरी पचमढीच्याच डोंगरांत आहे. त्या भागात हा प्राणी एके काळी होता, याचा जुना लेखी पुरावा फोर्सिथच्या पुस्तकात सापडतो. शिकाऱ्याने लिहून ठेवलेले असे उपयोगी पडले.

यंदा मुक्कीला जाणाऱ्या सभासदांना आमचे एवढेच सांगणे. गरम कपडे थरांनी घाला, रंग भडक नको, कानटोपी विसरू नका. दुर्बीण असेल तर घ्या, आणि एक वही-पेन्सिलही ठेवा. कोणत्या माळावर किती बारशिंगे दिसले, ते तारखेसह लिहा. आणि सोबतच्या गाइडला, तो बहुधा इथलाच बैगा किंवा गोंड असेल, त्याच्या लहानपणी तिथे काय दिसायचे ते विचारून तेही लिहून आणा.