बालकवितेतून घडलेले महाकवी : कुवेंपू

कन्नड भाषेला पहिले ज्ञानपीठ मिळवून देणारे कवी म्हणून कुवेंपू देशभर परिचित आहेत. मात्र या महाकवीचे पहिले कन्नड पुस्तक महाकाव्य नव्हते. ती मुलांसाठी लिहिलेली छोटीशी काव्यकथा होती.

कुप्पळी वेंकटप्पा पुट्टप्पा यांचा जन्म २९ डिसेंबर १९०४ रोजी झाला. शिवमोगा जिल्ह्यातील कुप्पळी या गावी, मलनाडच्या अरण्यात त्यांचे बालपण गेले. शिक्षणासाठी ते म्हैसूरला आले आणि तीच त्यांची कर्मभूमी ठरली.

विद्यार्थिदशेत ते इंग्रजीत कविता करीत. १९२२ मध्ये त्यांचा इंग्रजी संग्रहही प्रसिद्ध झाला. १९२४ मध्ये म्हैसूरला आलेले आयरिश कवी जेम्स कझिन्स यांना त्यांनी आपल्या कविता दाखविल्या. कझिन्स यांनी त्यांना मातृभाषेत लिहिण्याचा सल्ला दिला. नव्या धाटणीची कविता कन्नडमध्ये साधेल का, अशी शंका या तरुणाच्या मनात होती. मात्र त्याच वर्षी ‘अमलन कथे’ हे बालकाव्य लिहून त्यांनी या शंकेला उत्तर दिले.

त्यानंतरचे ‘बोम्मनहळ्ळिय किंदरिजोगी’ विशेष गाजले. इंग्रज कवी ब्राउनिंग यांच्या उंदीर पळविणाऱ्या पुंगीवाल्याची कथा त्यांनी तुंगा नदीकाठी आणली. पुंगीवाला किंदरी वाजविणारा जोगी झाला आणि परकी गोष्ट कन्नड मुलांची स्वतःची झाली. ही कविता पुढे रंगभूमीवरही आली.

१९२९ मध्ये ते म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयात अध्यापक झाले. पुढे ते तेथेच प्राचार्य झाले आणि १९५६ ते १९६० या काळात म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. ‘मानसगंगोत्री’ हा विद्यापीठाचा परिसर त्यांच्याच कल्पनेतून साकारला. शिक्षण मातृभाषेतून मिळावे, हा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. प्रत्येक मूल विश्वमानव म्हणून जन्माला येते. जात, धर्म आणि प्रांताच्या भिंती त्याला लहान करतात, अशी त्यांची धारणा होती. त्या भिंती दूर करणे हेच शिक्षणाचे काम, असे ते मानीत.

‘श्री रामायण दर्शनम्’ या महाकाव्यासाठी त्यांना १९६७ चे ज्ञानपीठ मिळाले. ११ नोव्हेंबर १९९४ रोजी म्हैसूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे एक गीत २००४ मध्ये कर्नाटकाचे राज्यगीत झाले. कन्नड मुलांच्या ओठी मात्र त्यांचा किंदरी वाजविणारा जोगी त्याच्या कितीतरी आधी पोहोचला होता.