गोदाकाठचे कन्यादान आणि भीमाकाठचे मुक्तिसदन

नवरात्रात घरोघरी घट बसतात, नंदादीप तेवतो आणि कुमारिकापूजन होते. लहानग्या बालिकेचे पाय धुऊन तिच्या ठायी जगदंबा पाहावी, ही आपली परंपरा. परंतु जिचे मायबाप दुष्काळाने नेले, जिचे कुंकू अजाणत्या वयात पुसले गेले, तिच्या ठायी आपण जगदंबा पाहिली काय? हा प्रश्न ज्यांनी आपल्या साऱ्या आयुष्याने विचारला, त्या पंडिता रमाबाईंचे चरित्र या पर्वकाळात आठवते. त्यांनी धर्मांतर केले, म्हणून आपल्या देवघरात त्यांचे नाव सहसा निघत नाही. तथापि त्यांची कथा सुरू होते ती देवघरातच.

आम्हा राणीसावरगावकरांना गोदामाई जवळची. संत जनाबाईंचे गंगाखेड तिच्याच काठी वसले आहे. याच गोदावरीच्या एका घाटावर स्नानास आलेल्या अनंतशास्त्री डोंगरे या विद्वान ब्राह्मणास एका यात्रेकरूने आपली नऊ वर्षांची कन्या दिली. शास्त्रीबुवांचे वय तेव्हा चव्वेचाळीसच्या सुमारास होते. पुण्यात त्यांचे गुरू पेशव्यांच्या राणीस संस्कृत शिकवीत असत. ते पाहून स्त्रीला देववाणी शिकविण्याचा संकल्प त्यांच्या मनी रुजला होता. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले. त्याबद्दल धर्मसभेपुढे उभे राहावे लागले, तेव्हा शास्त्राधारांनीच आपली बाजू मांडली. पुढे त्यांनी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात आश्रम थाटला. तेथे 23 एप्रिल 1858 रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

अतिथिसत्कारात व दानधर्मात शास्त्रीबुवांचे धन संपले. सहा महिन्यांच्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात घालून कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. पुराण सांगावे, मिळेल त्या शिध्यावर राहावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. चालता चालता मातेने लेकीस भागवत मुखोद्गत करविले. मग 1870 नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. काही महिन्यांच्या अंतराने पिता, माता आणि थोरली बहीण कृष्णाबाई ही तिघे गेली. रमाबाई आणि बंधू श्रीनिवास हे दोघेच उरले.

दोघे पायी भ्रमण करीत 1878 साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या कन्येची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या अर्पण केल्या. परंतु 1880 साली बंधू निवर्तले. त्याच वर्षी बंगाली वकील बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी रमाबाईंचा विवाह झाला. कन्या मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने पतीही गेले. तेवीस वर्षांची विधवा तान्ह्या लेकीस घेऊन पुण्यास आली. त्याच वर्षी तिने आर्य महिला समाज स्थापिला.

1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. तेथे समाजाने पतित मानलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या जोगिणी त्यांनी पाहिल्या. अशा स्त्रीला दंड न देता हात देणारा धर्म त्यांना ख्रिस्ताच्या ठायी दिसला. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा आघात महाराष्ट्राच्या जिव्हारी लागला, हे सांगितलेच पाहिजे. परंतु त्यांना जे तेथे दिसले, ते आपल्या घरी का दिसले नाही, हेही आपणच आपल्याला विचारावयास हवे.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदासदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. अण्णासाहेब कर्वे यांच्या पत्नी बायाबाई या त्याच सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. तेथे धर्मप्रसार होणार नाही, असा समज होता. परंतु रमाबाईंच्या प्रार्थनेत मुली बसू लागल्या, तेव्हा 1893 साली वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली परत नेल्या. पालकांची वेदना खरी होती. सदन सोडून त्या बालविधवांना जावे लागले ते कोणत्या घरी, ही वेदनाही तितकीच खरी होती.

1896 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ज्यांना भुकेने अनाथ केले होते त्या रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावी घेतलेल्या जमिनीवर मुक्तिसदन उभे राहिले. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना सारे स्त्रियांच्याच हाती. पतित मानलेल्यांस कृपासदन, वृद्ध-अपंगांस प्रीतिसदन. आंधळ्यांसही तेथे अक्षरओळख होती. या मुलींपैकी अनेकींनी भीमेच्या पात्रात बाप्तिस्मा घेतला. पंढरीस चंद्रभागा म्हणून वळणारी तीच ही भीमा. असे केडगावचे चर्च उभे राहिले. ते कोणत्याही एका पंथाच्या अधीन नव्हते.

जून 1905 मध्ये तेथे विलक्षण घटना घडली. वेल्समधील धर्मजागृतीची वार्ता ऐकून मुली रोज प्रार्थनेस जमत होत्या. एके रात्री त्यांस पश्चात्तापाचे रडू आवरेना. शेकडो कंठांतून एकाच वेळी प्रार्थना उसळली, काहींना अंगात अग्नी संचारल्याचा भास झाला. पुढे काहींच्या मुखातून अनोळखी भाषा निघाल्याचेही नमूद आहे. मात्र असे बोलणे हीच ईश्वरी कृपेची एकमेव खूण, असे रमाबाईंनी मानले नाही. सहकारी मिनी एब्रम्स यांच्या पुस्तिकेतून ही वार्ता दक्षिण अमेरिकेतील चिली देशापर्यंत गेली व तेथील नव्या ख्रिस्ती चळवळीस प्रेरक ठरली. नामसंकीर्तनात देहभान हरपलेले भक्त आपण पाहतो. त्या अनाथ मुलींचे अश्रू आपल्याला परके वाटू नयेत.

अखेरची वर्षे रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून मराठी बायबल सिद्ध करण्यात वेचली. संस्कृतची ही पंडिता, पण तिने साध्या बायकांना कळेल अशी भाषा योजिली. तिच्या मुलींनीच खिळे जुळविले. जुलै 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी केडगावीच देह ठेवला. तो ग्रंथ त्यांच्या पश्चात 1924 साली प्रसिद्ध झाला. मुक्तिसदनाचे काम आजही चालू आहे.

भाविकहो, रमाबाईंचा मार्ग आपला नव्हे. परंतु गोदाकाठी दान दिलेल्या नऊ वर्षांच्या कन्येची ही लेक भीमाकाठी हजारो कन्यांची आई झाली, हे सत्य कोणत्याही धर्माला नाकारता येणार नाही. यंदा कुमारिकेचे पाय धुताना दाराबाहेर उभ्या असलेल्या एखाद्या पोरक्या लेकीलाही आत बोलवावे. जगदंबा तिच्याही रूपाने आली असेल.