सार्वजनिक काका : अशिलाचे वकील, लोकांचे मुखत्यार

या वर्षीच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस केली, तेव्हा आमच्या मनात प्रथम गणेश वासुदेव जोशी यांचेच नाव आले. त्यास कारणही घडले होते. यंदाच्या गुणगौरव समारंभात आपल्या ज्ञातीतील तीन तरुण वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले म्हणून त्यांस श्रीफळ देण्यात आले. त्या प्रसंगी आमच्या शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी, आता या मुलांचे कल्याण झाले, पैशाला तोटा नाही, असे उद्गार काढले. ते ऐकून आम्हांस वाटले की, वकिलीचा धंदा कशासाठी असतो, हे ज्यांनी आपल्या आचरणाने दाखविले त्या काकांची कथा या मुलांच्या कानांवर एकदा घालावी.

गणेश वासुदेव जोशी यांचा जन्म 1828 साली साताऱ्यास झाला. सातारचे राज्य तेव्हा नावाने का होईना उभे होते. ते खालसा झाले तेव्हा काका वीस वर्षांचे होते. पेशवाई बुडाल्याच्या आठवणी घरोघरी ताज्या होत्या. अशा काळात त्यांनी सरकारी कचेरीत चाकरी धरली. कोर्टाच्या कामकाजाची, कागदपत्रांची आणि पक्षकारांच्या हालांची ओळख त्यांस तेथेच झाली. पुढे ती नोकरी सुटली. वयाची पस्तिशी गाठल्यावर, संसार पाठीशी असता, पुन्हा पुस्तके हाती घेऊन कायद्याचा अभ्यास करणे ही सोपी गोष्ट नव्हे. काकांनी तो केला, वकिलीची परीक्षा दिली आणि पुण्यात वकिली सुरू केली. ज्यांचे शिक्षण मध्येच खुंटले अशी मुले आपल्या ज्ञातीत आजही पुष्कळ आहेत. त्यांनी काकांच्या आयुष्यातील हा भाग विसरू नये.

वकिलीत जम बसल्यावर पुष्कळजण घर बांधतात, जमीन घेतात. काकांच्या मनाने निराळीच वाट घेतली. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी पुण्यातील लोकांत असंतोष होता. गाऱ्हाणे मांडावयाचे तर प्रश्न असा येई की, मांडणारा कोणाच्या वतीने बोलतो? आता हा प्रश्न वकिलास रोजचाच आहे. अशिलाने वकीलपत्र सही करून दिल्यावाचून वकिलास कोर्टात उभे राहून त्याच्यातर्फे एक शब्द बोलता येत नाही. हाच नियम काकांनी लोककार्यास लावला. 2 एप्रिल 1870 रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचा सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असे ठरले. सुमारे सहा हजार लोकांनी सह्या केल्या आणि त्यांचे पंचाण्णव मुखत्यार सभेत बसले. औंधचे श्रीमंत पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले. मतदानाचा हक्क ज्या काळी या देशात कोणास स्वप्नातही ठाऊक नव्हता, त्या काळी एका वकिलाने वकीलपत्राच्या साध्या कागदातून लोकप्रतिनिधित्वाची कल्पना उभी केली, हे लक्षात घेतले पाहिजे. सभेच्या कामात ते इतके गढून गेले की, लोक त्यांस सार्वजनिक काका म्हणू लागले व मूळचे नाव मागे पडले.

1871 साली न्यायमूर्ती रानडे पुण्यास आले आणि सभेस मोठी बुद्धी लाभली. परंतु घरोघर फिरणे, माणसे जमविणे, अर्ज लिहवून घेणे, ही दगदग काकांचीच असे. सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी केली. 1876 व 1877 सालच्या भयंकर दुष्काळात सभेची माणसे जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडली आणि त्यांनी आणलेली खरी हकीकत सभेने सरकारपुढे ठेवली. काकांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी स्त्रीविचारवती सभा काढली आणि जातिभेद बाजूस ठेवून बायकांना हळदीकुंकवास बोलाविले. पतीचे कार्य घरातून असे उचलून धरणारी स्त्री त्या काळी विरळाच.

स्वदेशीचे व्रत काकांनी 1872 साली घेतले. ते स्वतः सूत कातीत आणि त्याचेच कापड वापरीत. गांधीजींचा जन्म होऊन तेव्हा अवघी दोन-तीन वर्षे झाली होती, हे सांगितले म्हणजे काकांच्या दूरदृष्टीची कल्पना येईल. देशी मालाची दुकाने निघावीत म्हणून त्यांनी खटपट केली. 1877 च्या आरंभी दिल्लीस मोठा दरबार भरला. राजेरजवाडे हिरेमाणकांनी मढून आले असता सार्वजनिक सभेचे हे मुखत्यार जाड्याभरड्या खादीच्या पोशाखात तेथे हजर झाले.

आता त्यांच्या धंद्याशी निगडित अशी एक गोष्ट सांगतो, जी आम्हांस विशेष मोलाची वाटते. खटले चालले तर वकिलाची चूल पेटते, हे कोणीही जाणतो. असे असता सार्वजनिक सभेच्या पुढाकाराने पुण्यास लवाद कोर्ट निघाले, त्यात काकांचा पुढाकार होता. सरकारी कोर्टाचा स्टँप, वेळ आणि खेटे वाचवून लोकांनी आपले तंटे आपसांत पंचांकरवी मिटवावेत, हा त्याचा हेतू. आपल्याच उत्पन्नाच्या झाडावर कुऱ्हाड घालणारा असा वकील आम्ही तरी दुसरा ऐकला नाही. परंतु काकांच्या दृष्टीने त्यात विसंगती नव्हती. अशिलाचे हित हेच वकिलाचे काम, आणि अशिलाचे हित पुष्कळदा कोर्टाची पायरी न चढण्यात असते.

खरी कसोटी पुढेच होती. वासुदेव बळवंत फडके हे पुण्यास लष्करी हिशेबखात्यात कारकून होते. दुष्काळातील लोकांचे हाल पाहून त्यांचे मन पेटले आणि रामोशी व इतर साथीदार जमवून त्यांनी इंग्रज सरकारविरुद्ध बंड उभारले. मे 1879 मध्ये पुण्यातील बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा यांस आगी लागल्या. सरकारचा संशय पुण्यातील सुशिक्षितांवर गेला. रानडे यांची बदली धुळ्यास झाली आणि त्यांच्या टपालावरही नजर राहिली. सभेत जाणारा प्रत्येक मनुष्य संशयाच्या छायेत होता. अशा दिवसांत, 20 जुलै 1879 रोजी, वासुदेव बळवंत पकडले गेले. त्यांस पुण्यास आणून सेशन कोर्टापुढे उभे करण्यात आले. राणीसरकारविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप होता आणि त्या कलमात फाशीची तरतूद होती. त्यांच्या स्वतःच्या हातची रोजनिशी व आत्मवृत्त सरकारच्या हाती सापडले होते. म्हणजे पुरावा आरोपीनेच लिहून ठेवलेला! अशा खटल्यात यशाची आशा नाही, फीची आशा नाही, आणि सरकारचा रोष मात्र निश्चित.

त्या माणसाचे वकीलपत्र सार्वजनिक काकांनी घेतले. चिंतामणराव लाटे हेही त्यांच्या सोबतीस होते.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. काकांचा मार्ग अर्जाचा, सभेचा, कायद्याच्या चौकटीतला. फडक्यांचा मार्ग शस्त्राचा. काकांनी नऊ वर्षे खपून जी सभा उभी केली होती, तिच्यावर या एका वकीलपत्रामुळे कायमचा शिक्का बसण्याचे भय होते. हे प्रकरण मी हाती घेतले तर सभेचे नुकसान होईल, असे म्हणून त्यांस सहज बाजूस राहता आले असते आणि ते कारण कोणास खोटेही वाटले नसते. आम्ही वर्गात हा प्रसंग शिकवीत असता मुलांस विचारीत असू की, काकांनी काय करावयास हवे होते? हुशार मुले सभा वाचवावी असे म्हणत. मग आम्ही त्यांस विचारीत असू की, ज्या सभेच्या मुखत्याराने एकट्या पडलेल्या माणसास टाकून दिले, त्या सभेस पुन्हा सहा हजार लोकांनी सह्या दिल्या असत्या काय? वर्ग गप्प होई.

खटल्याचा निकाल नोव्हेंबर 1879 मध्ये लागला. वासुदेव बळवंतांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांस एडनला पाठविण्यात आले. तेथेच 17 फेब्रुवारी 1883 रोजी त्यांचा अंत झाला. काका हे पाहावयास उरले नाहीत. खटल्यानंतर वर्षही पुरते लोटले नाही तोच, 25 जुलै 1880 रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. शेवटच्या मोठ्या खटल्यात वकील म्हणून त्यांची हार झाली, असे कोणी म्हणेल. परंतु सारे शहर भीतीने दबले असता आरोपीच्या बाजूस दोन माणसे उभी राहिली, ही गोष्ट निकालाच्या कागदाने पुसली जात नाही.

जाता जाता आमचा एक अनुभव सांगतो. वडिलांच्या पश्चात विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आमचे व आमच्या थोरल्या बंधूंचे वितुष्ट आले. आम्ही कागदांचे बासन घेऊन तालुक्याच्या गावी एका वृद्ध वकिलांकडे गेलो. त्यांनी सर्व कागद शांतपणे वाचले, बासन पुन्हा बांधले आणि ते आमच्या हाती देऊन, आधी दादांच्या घरी जेवून या, मग वाटल्यास दावा लावू, असे सांगितले. फी घेतली नाही. तो दावा कधीच लागला नाही. दादा आज नाहीत. पण शेवटची अकरा वर्षे आम्ही भाऊ दिवाळीस एका पंक्तीस बसलो, ते त्या वकिलांमुळे. त्यांनी काकांचे चरित्र वाचले होते की नाही, हे विचारावयाचे मात्र राहून गेले.

काका कोणत्या ज्ञातीचे, असा प्रश्न ज्ञातीच्या स्मरणिकेत निघणे साहजिक आहे. ज्यांच्या नावामागे लोकांनीच सार्वजनिक हा शब्द लावला त्यांच्याविषयी तो विचारण्याचे प्रयोजन उरत नाही. आपल्या मंडळाकडे आलेले कुटुंबाकुटुंबांतील तंटे मिटविण्यासाठी चार वडीलधाऱ्यांची व एका जाणत्या वकिलाची समिती नेमावी, अशी आमची कार्यकारिणीस नम्र सूचना आहे. आणि यंदा श्रीफळ घेतलेल्या त्या तीन तरुणांस आमचा आशीर्वाद असा की, त्यांस अशील भरपूर मिळोत, फीही मिळो. मात्र ज्याचे वकीलपत्र घेण्यास कोणी धजत नाही असा एखादा माणूस कधी दारी आला, तर त्या दिवशी त्यांस काकांची आठवण होवो.