आघारकरांचा जेलीफिश आणि शेळीच्या पोटातली बुरशी

बुरशी म्हटलं की ओल आणि हवा, असंच आपण शिकलो. पण अंबाजोगाईच्या रस्त्यावर कडबा चघळणाऱ्या शेळीच्या पोटातही बुरशी असते, आणि तिथे ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. कडब्याचे चिवट धागे फोडायला ती मदत करते. शेळीच्या पोटातल्या अशाच बुरशीची एक नवी प्रजाती २०१८ मध्ये पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जगापुढे मांडली. ज्यांचं नाव या संस्थेला आहे, ते आघारकर कोण?

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८८४ चा, मालवणचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते शिकले आणि तिथेच शिकवू लागले. सह्याद्रीत भटकून वनस्पती आणि प्राणी गोळा करायचा त्यांना नाद होता. अशाच भटकंतीत सातारा भागातल्या नदीत त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. या जातकुळीचा जेलीफिश तोवर फक्त आफ्रिकेतच माहीत होता.

पुढे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून निवड झाली आणि ते अभ्यासासाठी जर्मनीला गेले. तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना तिथे नजरकैद सोसावी लागली. तरीही बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच ते परतले. कलकत्त्यातून निवृत्त झाल्यावर, साठी उलटलेली असताना, त्यांनी १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था उभी केली. १९६० मध्ये निधन होईपर्यंत ते तिचे संचालक होते. पुढे तिच्या संशोधन संस्थेला त्यांचंच नाव दिलं गेलं.

आता त्या बुरशीकडे वळू. आपल्या पेशीतले मायटोकॉन्ड्रिया ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करतात. या बुरशीत त्यांच्या जागी हायड्रोजनोझोम नावाच्या बारीक पिशव्या असतात. त्या ऑक्सिजनशिवाय ऊर्जा बनवतात आणि हायड्रोजन सोडतात. पोटातले दुसरे सूक्ष्मजीव त्याचा मिथेन करतात आणि शेळी तो ढेकरातून बाहेर टाकते. या पिशव्यांची प्रथिनं मायटोकॉन्ड्रियाच्या प्रथिनांशी जुळतात. म्हणजे हे मूळचे मायटोकॉन्ड्रियाच. हवा नसलेल्या जागी राहता राहता बदललेले.

आघारकरांच्या हयातीत हे जीव बुरशी आहेत हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पोहणाऱ्या बीजाणूंमुळे त्यांना प्राणी समजत. ते बुरशी असल्याचं १९७५ मध्ये कॉलिन ऑर्पिन यांनी दाखवलं.

शेळीच्या पोटात डोकावून काय मिळणार, असं आमचे विद्यार्थी विचारतात. मी त्यांना ट्रायकोमोनास या परजीवीची आठवण देतो. त्याच्याही पेशीत हायड्रोजनोझोम असतात. ओपीडीत आपण लिहितो ती मेट्रोनिडॅझोलची गोळी तिथेच जागी होते आणि परजीवीला मारते. माणसाच्या पेशीत तसं घडत नाही, म्हणून रुग्ण सुखरूप राहतो. मग मी त्यांना आघारकरांच्या जेलीफिशची गोष्ट सांगतो.