मोखाड्याच्या अंगणात भेटलेले टिळक

बँकेच्या नोकरीत बदलीचा कागद हातात पडला की माणूस आधी नकाशा उघडतो. माझ्या कागदावर जव्हार होते. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता; पालघर जिल्हा झाला २०१४ मध्ये. मुकणे राजांच्या या जुन्या संस्थानी गावात मी तीन वर्षे काढली. नागली-वरईच्या शेतीसाठी कर्जे वाटली, जमतील तशी वसूलही केली. पण त्या तीन वर्षांतले माझ्याजवळ आज काय उरले आहे असे कोणी विचारले, तर मी एका संध्याकाळचे नाव घेईन.

पौष महिना होता. निवृत्तीनाथांच्या यात्रेसाठी जव्हार-मोखाड्याच्या रस्त्याने त्र्यंबकेश्वराकडे दिंड्या जात होत्या. आई माझ्याकडे राहायला आली होती. गळ्यात तुळशीची माळ, ओठांवर हरिपाठ. तिला यात्रेला नेले आणि रविवारी परत निघालो, तर मोखाड्याजवळ आमच्या भाड्याच्या जीपचे चाक बसले. जवळच्या पाड्यावर आमचा एक खातेदार राहत होता. शिवणकाम करणारा, मितभाषी माणूस. त्याने आईला घोंगडी दिली, चहा दिला आणि संकोचून सांगितले, की आमच्या प्रार्थनेची वेळ झाली आहे, तुम्ही निवांत बसा.

कुडाच्या घरापुढे सारवलेले अंगण. पंधरा-वीस माणसे, त्यातली बहुतेक म्हातारी आणि लहान मुले. दिवाळीनंतर हे पाडे रिकामे होतात. हातीपायी धड असलेली माणसे वीटभट्ट्यांवर जातात. शिंप्याने पेटी पुढे ओढली, एका पोराने ढोलकी घेतली, एका आजीबाईंनी टाळ. आणि सुरू झाला तो चक्क अभंग! तो एक ओळ म्हणे, बाकीचे तीच उचलत. कोणापुढेही पुस्तक नव्हते. दुसऱ्या कडव्यापर्यंत माझी आईही ध्रुपद म्हणू लागली होती. अभंग ख्रिस्ताचा आहे हे तिच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. पण चाल ओळखीची होती, शब्द घरचे होते, आणि टाळ वाजू लागल्यावर गप्प बसणे तिला आयुष्यात कधी जमले नव्हते.

नंतर तिने विचारले, हा अभंग कोणत्या संताचा? शिंप्याने एक जीर्ण वही आणली. गाण्याखाली बारीक अक्षरात एकच शब्द होता, टिळक. आई थक्क झाली. लोकमान्यांनी असलेही काही लिहिले होते का, असे ती मला विचारू लागली. मी हसून म्हणालो, हे टिळक वेगळे. शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ शिकलो, ते नारायण वामन टिळक. जव्हारच्या घरी पोहोचेपर्यंत मी तिला जेवढे ठाऊक होते तेवढे सांगितले. पुढे निवृत्तीनंतर वाचून ते पुरे केले. तेच आज वाचकांना सांगतो आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मणाचे. आई लवकर गेली, वडिलांशी पटले नाही आणि हा मुलगा घर सोडून नाशिकला आला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाकडे संस्कृत शिकला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका लग्नानंतर त्यांची लक्ष्मी झाली. मराठी वाचक तिला ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई टिळक म्हणून ओळखतो. हा गृहस्थ संसारी होता, पण संसारात फार काळ थांबत नसे. आज या गावी, उद्या त्या गावी. खिशात पैसा टिकत नसे, राग नाकावर असे, आणि मन मात्र लोण्यासारखे.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या. निरोप घेताना त्याने एक नवा करार हातात ठेवला. टिळक तो वाचू लागले आणि दोन वर्षे आतल्या आत झुंजत राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी याचा अर्थ काय होता हे आज आपल्याला नीट समजणार नाही. नातलगांच्या लेखी तो माणूस गेला. लक्ष्मीबाईंवर तर आकाश कोसळले. नवरा जिवंत, आणि तरी हातातून गेलेला. पदरात लहानगा दत्तू. चार-साडेचार वर्षे पती-पत्नी वेगळी राहिली. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, आणि दुसरा संसारही थाटला नाही. पुढे लक्ष्मीबाई आपण होऊन त्यांच्याकडे गेल्या. सुरुवातीला स्वयंपाक, सोवळे सगळे वेगळे ठेवले. मग हळूहळू त्यांच्या मनातल्या भिंती त्यांनी स्वतःच पाडल्या आणि १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या.

टिळकांचे काम तोवर अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, सुरू झाले होते. अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षण देणाऱ्या शाळेत ते शिकवत. तिथल्या देवळात गेल्यावर त्यांच्या कविमनाला एक गोष्ट खुपली असणार. मराठी माणसे देवापुढे उभी राहून गात होती ती बरीचशी भाषांतरित गीते, आणि तीही विलायती चालींवर. विलायती चालीत आघात ठरलेल्या जागी पडतो. मराठी शब्दाची घडण निराळी. त्यातले ऱ्हस्व ओढून दीर्घ करावे, दीर्घ दाबून ऱ्हस्व करावे, तेव्हा कुठे तो त्या चालीत बसतो. शिकलेला माणूस पुस्तक धरून गाईल. पण सुगीहून दमून आलेली, अक्षरओळख नसलेली बाई काय करणार? ती ओठ हलवणार आणि मुकी उभी राहणार.

देशी वाट अगदीच नव्हती असे नाही. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी नगरकडे ख्रिस्ती कीर्तन आधीच रुजवले होते. टिळकांनी त्या वाटेचा राजरस्ता केला. अभंग, ओवी, पदे, आरत्या असे ते लिहीत सुटले. अभंगाची सोय अशी, की सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरण कानाला लगेच सापडतात, यमक पुढच्या ओळीची आठवण देते आणि ध्रुपद सगळ्यांचे असते. पुढच्याने म्हणायचे, मागच्यांनी झेलायचे. पुस्तक नसले तरी अडत नाही. वारकऱ्यांनी शतकानुशतके हेच तर केले! आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे टिळक उघडपणे मानत. धर्म बदलला म्हणून मायबोली बदलायची, देश परका मानायचा, हे त्यांना कधीच पटले नाही. ‘उपासना संगीत’ हा मराठी ख्रिस्ती गीतसंग्रह आजही उघडला, तर पानोपानी त्यांची गीते भेटतात.

याची किंमत त्यांना दोन्हीकडून मोजावी लागली. जुन्या आप्तांना ते बाटलेले वाटत. नव्यांपैकी काहींना हा टाळ-मृदंग म्हणजे मागच्या दाराने आणलेला जुना धर्म वाटे. टिळक दोघांवरही रुसले नाहीत. घरात अनाथ मुले सांभाळली, बालकवी ठोंबऱ्यांसारख्या पोरसवदा कवीला मुलासारखे वागवले, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन केले. १९१७ साली मात्र मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. उतारवयात पगार गेला, घडी पुन्हा मोडली. लक्ष्मीबाईंना हे सोपे गेले नाही. थोर माणसाच्या घरी राहणाऱ्याला त्याच्या थोरपणाचे ओझे वाहावे लागते, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हसता हसता कळते.

दरबाराला पुरता आकार येण्याआधीच, ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. देहाचे दहन व्हावे ही त्यांची इच्छा पाळली गेली. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य जेमतेम दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी, ज्यांना शाळा कधी मिळाली नव्हती त्यांनी!

आता माझी कबुली. निवृत्तीनंतर मी आमच्या वसाहतीत भजनी मंडळ काढले. पेटी माझ्याकडे, म्हणजे पट्टीही माझीच. स्पर्धांत बक्षिसे यावीत म्हणून मी सूर उंच धरू लागलो, चाली अवघड केल्या, मध्ये ताना घातल्या. टाळ्या मिळाल्या, एक ढालही मिळाली. पण वर्षभरात मागच्या रांगेतल्या चार वृद्ध बायका यायच्या थांबल्या. गुडघे दुखतात, असे सांगत. मला ते खरेच वाटले. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. तिने एक दिवस विचारले, तो मोखाड्याचा शिंपी आठवतो का? त्याच्या अंगणात मला म्हणता येत होते.

मला तो लख्ख आठवला. पहिली ओळ वरच्या पट्टीत धरून त्याने म्हाताऱ्यांकडे पाहिले होते, आणि काही न बोलता दोन सूर खाली उतरला होता. तिसऱ्या कडव्याला तर त्याने स्वतःचा आवाज इतका बारीक केला, की अंगणात उरला तो फक्त त्या वीस जणांचा. त्यातल्या कितीजणांना टिळक कोण हे ठाऊक होते? बहुधा एकालाही नाही. त्यांच्या लेखी ते गाणे त्यांचेच होते.

त्या गुरुवारी मी पेटीवर पांढरी एक धरली. ताना गाळल्या. चारांपैकी दोघी बायका महिन्याभरात परतल्या. एकीचे गुडघे खरोखरच दुखत होते. पुढच्या स्पर्धेत आमचा नंबर आला नाही. आईच्या खोलीची खिडकी मात्र त्या हॉलच्या बाजूला उघडत असे. शेवटचे काही महिने दर गुरुवारी ती उघडी ठेवायला सांगायची, आणि आम्ही ध्रुपदावर आलो की आतून तिचा बारीक आवाज यायचा.