विजय हजारे : ‘इतरां’च्या संघातला माणूस

गेल्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात मी पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत झालो आणि नंतर एक सोपा झेल सोडला. आपला संघ हरला. एस. टी.ने चौलला परतताना मी मनाशी ठरवून टाकले की, आता खेळ पुरे. खेळच काय, कॉलेजसुद्धा सोडावे असे वाटू लागले. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेले नाही. वडील दुसऱ्यांच्या वाडीत माडावर चढतात, सुपारी उतरवतात. त्यांच्या घामाच्या पैशावर शिकायचे आणि मैदानावर नाचक्की करून घ्यायची, हे मनाला पटेना. वर्गातही माझे बोलणे, माझे कपडे निराळे वाटत. सगळे एकीकडे आणि मी ‘इतर’, असे काहीसे मनात घर करून बसले होते.

रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई लागते. तिथला एक मित्र माझ्या वर्गात आहे. घरी ही मंडळी पोर्तुगीजमधून आलेली आपली वेगळी बोली बोलतात, बाहेर आपल्यासारखी मराठी. त्याच्याबरोबर मी गुड फ्रायडेला चर्चमध्ये गेलो होतो. एका पराभूत दिसणाऱ्या माणसापुढे सारा गाव नतमस्तक झालेला पाहून मी चकित झालो. मित्राने मला समजावले की, जगाने ज्याला हार मानले त्यातच त्यांच्या धर्माने बळ शोधले; निकाल देवाच्या हाती सोडून आपले काम शेवटपर्यंत करणे, हीच त्यांची श्रद्धा. माझे आजोबा निष्काम कर्म म्हणत ते याहून फार दूर नव्हते. मग मित्राने विजय हजारे यांचे नाव घेतले. हजारे ख्रिस्ती होते, हेही मला ठाऊक नव्हते. मी ग्रंथालयात जाऊन त्यांच्याविषयी मिळेल ते वाचून काढले.

विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीला एका मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील शाळामास्तर आणि घरात आठ मुले. अशा घरात क्रिकेटच्या बॅटीला काय किंमत पडत असेल, हे मला कुणी सांगायला नको. जत संस्थानात ऑस्ट्रेलियाचे प्रसिद्ध फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. हजारे दोन पॅडच्या मध्ये बॅट धरून उभे राहत. दिसायला ते विचित्र होते, पण ग्रिमेट यांनी ती सवय मोडू दिली नाही. पुढे पुण्यात महाराष्ट्राकडून खेळताना १९३९-४० च्या हंगामात त्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी करंडक स्पर्धेतले ते पहिले त्रिशतक.

त्या काळी मुंबईत पंचरंगी सामने होत. हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन असे चार संघ होतेच. १९३७ साली पाचवा संघ आला. त्याचे नावच ‘द रेस्ट’, म्हणजे उरलेले, इतर! भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू अशा साऱ्यांची त्यात भरती होई. आपल्या रेवदंडा-चौल पट्ट्यातले बेने इस्राएल, ज्यांना आपण शनवार तेली म्हणत असू, तेही या हिशेबाने ‘इतर’च. हजारे याच संघातून खेळत. धर्मावर संघ पाडण्याला गांधीजींनी १९४० साली विरोध केला आणि १९४६ नंतर ते सामने बंद झाले.

पण त्याआधी, १९४३ च्या डिसेंबरमध्ये, ब्रेबॉर्न स्टेडियमवर अंतिम सामना रंगला. हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांवर डाव घोषित केला. त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. ‘इतर’ संघ १३३ धावांत गारद झाला आणि त्याच्यावर फॉलोऑनची पाळी आली. सामना हातचा गेला होता. तरीही हजारे खेळत राहिले. बंधू विवेक यांच्याबरोबर त्यांनी ३०० धावांची भागी केली. त्यात विवेक यांच्या धावा अवघ्या २१! एकूण ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय यांच्या. संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला. हरणाऱ्या संघाचा हा फलंदाज मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिला.

महायुद्धात कित्येक वर्षे गेली आणि हजारे यांना पहिला कसोटी सामना मिळाला तो १९४६ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड येथे ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा रचल्या. लिंडवॉल आणि मिलर यांच्या माऱ्यापुढे हजारे यांनी पहिल्या डावात ११६ आणि दुसऱ्या डावात १४५ धावा काढल्या. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक काढणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्या डावात आपले सहा फलंदाज शून्यावर बाद झाले होते! तोही सामना आपण डावाने हरलो.

फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने इंग्लंडवर एक डाव आणि ८ धावांनी मात केली. १९३२ पासून कसोटी खेळणाऱ्या भारताचा हा पहिला विजय आणि कर्णधार होते हजारे. त्याच वर्षी जूनमध्ये लीड्सला दुसऱ्या डावात भारताची अवस्था ४ बाद शून्य झाली. धावफलकावर एकही धाव नाही आणि चौघे तंबूत! तिथेही कर्णधाराने ५६ धावा काढल्या, दत्तू फडकरांबरोबर शतकी भागी केली. सामना हरलाच.

खेळ आणि ख्रिस्ती श्रद्धा म्हटले की जगात एरिक लिडेल यांचे नाव निघते. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवार प्रभूचा म्हणून त्यांनी शंभर मीटरची शर्यत सोडली आणि चारशे मीटरमध्ये सुवर्णपदक जिंकले. हजारे यांच्या वाट्याला असा प्रसंग आला नाही. ते अबोल, लाजाळू गृहस्थ. त्यांच्या तीन मोठ्या खेळ्या पाहा : ३०९, ११६ आणि १४५, ५६. तिन्ही वेळा संघ हरला. यश हाती लागणार नाही हे दिसत असताना जो माणूस मान खाली घालून पुढचा चेंडू खेळतो, त्याच्यात मला तो गुड फ्रायडेचा अर्थ दिसतो.

३० कसोटींत २१९२ धावा आणि ७ शतके, १९६० साली पद्मश्री, आणि देशातल्या एकदिवसीय स्पर्धेला त्यांचे नाव, असा त्यांचा गौरव झाला. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यात ते गेले, माझ्या जन्माआधीच.

मित्रहो, मी कॉलेज सोडले नाही. यंदा पुन्हा संघात आलो आणि १४ धावा काढल्या. सामना आम्ही हरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्लईचा मित्र आणि मी नेटवर सर्वांआधी हजर होतो. आता ‘इतर’ म्हणवून घ्यायची मला लाज वाटत नाही.